घरातले इंटरनेट : वायर की वायफाय?

मैत्रिणींनो, मोहोळसारख्या गावातही आता बऱ्याच घरांत इंटरनेट आले आहे. पण वायफायचा डबा बसतो बैठकीत, अन् स्वयंपाकघरात मोबाईल नुसता चाचपडत राहतो! दरवेळी दोष कंपनीचाच असतो असे नाही. जुन्या माळवदाच्या घरांतल्या जाड भिंती लहरी अडवतात. पत्रा आणि लोखंडी कपाटे त्याहून जास्त.

नियम सोपा आहे. एका जागी राहणाऱ्या वस्तूला, म्हणजे टीव्हीला अन् मुलांच्या अभ्यासाच्या कॉम्प्युटरला, वायर द्यावी. हातात फिरणाऱ्या मोबाईलला वायफाय पुरे. ऐन ऑनलाइन परीक्षेत लाइन तुटली तर लेकीचे नुकसान केवढे! कॅट-६ वायर १०० मीटरपर्यंत चालते. मात्र आतली तार शुद्ध तांब्याची आहे ना, हे विचारून घ्या. विजेच्या वायरीच्या पाइपातून ती नेऊ नका आणि रंगकामाआधीच टाकून घ्या.

डबा घराच्या मध्यावर, उंचावर, इन्व्हर्टरला जोडून ठेवा. ५ गिगाहर्ट्झ वेगवान खरे, पण भिंतीपलीकडे २.४ जास्त पोहोचते.

जागा ठरवण्याआधी मोबाईल घेऊन स्वयंपाकघरापर्यंत स्वतः फिरून पाहा. बसवणारा माणूस तिथवर येत नाही!