रिकामे घाट आणि भरलेली चौकट

कलावंताने स्वतःचा चेहरा कलाकृतीच्या मध्यभागी आणला की तो आत्मशोध ठरतो, असा समज समकालीन कलासमीक्षेत रूढ झाला आहे. जाहिरातीची भाषा उसनी घेतली म्हणजे उपभोगसंस्कृतीचा प्रतिवाद झाला, हे त्याचेच उपप्रमेय. दोन्ही समज वाराणसीच्या घाटांवर तपासून पाहण्याजोगे आहेत. ‘मी’ कोण, हा प्रश्न तेथे कबीराने विचारला. आज त्याच घाटांवर हातोहाती कॅमेरा आहे.

1960 साली राम कुमार आणि मकबूल फिदा हुसेन एकत्र वाराणसीस गेले. तोवर राम कुमार यांच्या चित्रांत महानगरातील हताश, एकाकी माणसे होती. पॅरिसमध्ये आंद्रे लोत व फेर्नां लेजे यांच्याकडे शिकलेल्या आणि हिंदीत कथा लिहिणाऱ्या या चित्रकाराला माणसाविषयी अनास्था होती, असे कोणी म्हणणार नाही. तरीही वाराणसीच्या चित्रांतून माणूस नाहीसा झाला. एकमेकांवर रेललेली घरे, पायऱ्या, करडा प्रकाश आणि पाणी एवढेच उरले. विधवांचे, नावाड्यांचे, डोमांचे जिणे या निर्मनुष्यतेने पुसले, असा आक्षेप घेता येईल आणि तो क्षुल्लक नाही. परंतु परक्याच्या दुःखाचे भांडवल न करण्याचा संयमही तिच्यातच आहे. पाहणाऱ्याचा ‘मी’ या चित्रांत हरवत नाही. बंद घरांपुढे तो निरुत्तर होतो.

अतुल दोडिया यांचे ‘बॉम्बे बकनीअर’ (1994) हे दुसरे टोक. ‘बाजीगर’च्या भित्तिपत्रकाच्या धर्तीवर चित्रकार स्वतःच पिस्तूल रोखून उभा आहे आणि त्याच्या काळ्या चष्म्यात डेव्हिड हॉकनी व भूपेन खख्खर प्रतिबिंबित झाले आहेत. आपला चेहरा पडद्याकडून आणि पूर्वसूरींकडून उसना आलेला आहे, याची मिस्कील कबुली हे चित्र देते. त्याचे बळ तेथे आहे. अनुकरण करणाऱ्यांनी पिस्तूल तेवढे उचलले.

दशाश्वमेधावरील गंगाआरतीला आजचे आखीव, प्रेक्षणीय रूप आले ते 1990च्या दशकात. उपग्रहवाहिन्या घरोघरी पोचल्या त्याही तेव्हाच. घाट हा प्रेक्षागार झाला, यात नवल नाही. नवल समीक्षेचे आहे. मणिकर्णिकेवर जळत्या चितेचे छायाचित्र घेऊ नये, असा संकेत आहे. तो मोडून, चितेचा धूर मागे ठेवून कोणी स्वतःची प्रतिमा टिपतो आणि मर्त्यतेचे चिंतन म्हणून दालनात टांगतो, तेव्हा समीक्षक तिला बाजाराची चिकित्सा म्हणतो. ही चिकित्सा कोणाची? दालन बाजाराचे, चौकट बाजाराची, आणि मागे जळणारा देह कोणाच्या तरी वडिलांचा. पायरीवर मुंडण करून बसलेल्या मुलाची संमती घेतली होती काय, एवढे तरी समीक्षकाने कलावंताला विचारावे. शैलीची चर्चा त्यानंतर.