फ्रीजमधला नायक

'इंडियाना जोन्स' मालिकेतला तिसरा चित्रपट १९८९ चा, चौथा २००८ चा. मधली १९ वर्षे ज्यांनी डोळ्यांत प्राण आणून वाट पाहिली, त्यांच्यातल्याच कित्येकांनी चित्रपट येताच आगपाखड केली. का? तर अणुस्फोट होतो आणि आपला नायक शिसे लावलेल्या फ्रीजमध्ये शिरून सहीसलामत बाहेर येतो! यावरून इंग्रजीत थट्टेचा एक वाक्प्रचारच रूढ झाला.

मित्रहो, मला या रागाचे नवल वाटते. १९८४ च्या दुसऱ्या चित्रपटात हाच गृहस्थ रबरी तराफ्यासह विमानातून हिमालयावर उडी घेतो, तेव्हा कुणी न्यूटनला साक्षीला बोलावले नव्हते. (त्याच चित्रपटात आपल्याकडच्या राजवाड्यात माकडाचा मेंदू वाढला होता. रागवायचे तर त्यावर! पण ते राहो.) तेव्हा जो १२ वर्षांचा होता, तो २००८ साली ३६ वर्षांचा झाला होता. त्याला चित्रपट नको होता, बारावे वर्ष परत हवे होते. ते स्पीलबर्ग कोठून देणार?

एक तक्रार मात्र रास्त आहे. संगणकाने घडवलेल्या माकडांबरोबर वेलींवर झोके घेणारा तरुण पाहून अंगावर काटा येत नाही. १९८१ च्या पहिल्या चित्रपटात ट्रकखालून फरफटत जाणारा माणूस खरा होता, धूळही खरी होती. जिवाची भीतीच उरली नाही, तर साठी उलटलेला हॅरिसन फोर्ड नुसता चाबूक घेऊन काय करणार बिचारा? हे बोलणाऱ्या चाहत्यांना मी किरकिरे म्हणणार नाही.

गल्ल्याने मात्र त्यांचे ऐकले नाही. जगभरात ७५ कोटी डॉलरांहून अधिक जमले. नाके मुरडणारेही तिकीट काढूनच आत गेले होते.