ओव्या टिपायच्या आहेत? माइक असा निवडा

सासूबाईंना नाहीतर गावाकडच्या मावशींना जात्यावरच्या ओव्या येतात, पण कुणी त्या टिपून ठेवलेल्या नाहीत. घरोघरची ही गोष्ट! शब्द वहीत उतरवता येतील हो, पण चाल कशी उतरवणार? दम कुठे घेतला, माहेरचं नाव येताच आवाज कसा ओला झाला, ते वहीत येत नाही. आणि ऐंशी ओलांडलेल्या बाईच्या बाबतीत 'बघू पुढच्या दिवाळीला' म्हणणं काही खरं नाही. तेव्हा मैत्रिणींनो, या खेपेस माइकच्या खरेदीचं बोलू.

नुसत्या मोबाइलवर होत नाही का? होतं. पण फोन चार हात लांब ठेवलात, की ओवीपेक्षा पंखा आणि शेजारचा कुकरच जास्त ऐकू येतो. अंतर दुप्पट झालं, की माइकपर्यंत पोचणाऱ्या आवाजाचा जोर चौथ्या हिश्श्यावर येतो. घरातला गलका मात्र तेवढाच राहतो. म्हणून माइक महाग असण्यापेक्षा तोंडाजवळ असणं महत्त्वाचं.

दुकानात बहुधा मोठा, स्टँडवरचा कंडेन्सर माइक पुढे करतील. दिसतो झोकदार! पण अशा बऱ्याच माइकना 48 व्होल्टचा वेगळा पुरवठा लागतो, त्याचं खोकं निराळं, खर्चही निराळा. शिवाय तो इतका हळवा, की आतल्या खोलीतली भांडीसुद्धा टिपतो. त्याच्या वाटेला जाऊ नये. समारंभात हातात धरतात तो डायनॅमिक माइक दणकट खरा, पण त्याची जाड पिन फोनला बसत नाही. आणि जातं ओढणाऱ्या बाईने तो धरायचा तरी कुठल्या हाताने?

आपल्या कामाचा तो कॉलर माइक, चिमट्याने कपड्याला लावायचा. बोयाचा बीवाय-एम१ हजार रुपयांच्या आतबाहेर मिळतो, वायर चांगली 6 मीटर. तो चारी बाजूंनी आवाज घेतो, त्यामुळे मान वळली तरी ओवी तुटत नाही. त्यावरचं बटण फोनसाठी आणि कॅमेऱ्यासाठी वेगवेगळं असतं, तेवढं नीट पाहा. हल्लीच्या बऱ्याच फोनना गोल पिनेचं भोक नसतं. तिथे टाइप-सीचा माइक घ्या किंवा जोडणी घ्या. पण स्वस्तातली जोडणी प्रत्येक फोनला चालेलच असं नाही. दुकानातच आपला फोन लावायचा, रेकॉर्डिंग सुरू करायचं आणि माइकवर नखाने टकटक करायची. ऐकताना ती ठणठणीत आली तर माइक चालू. नाहीतर फोन आपल्याच कानाने ऐकतोय असं समजा. दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे.

घरी आल्यावर माइक पदराला, हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावा. मंगळसूत्र घासणार नाही अशा बेताने हं, नाहीतर प्रत्येक ओवीला खुळखुळ साथ! दोघी जणी जात्यावर बसल्या असतील, तर जिचा आवाज बारीक तिच्या पदराला लावा. जात्याची घरघर थोडी येईल, येऊ द्या, ती ओवीचीच आहे. पंखा बंद, फोन फ्लाइट मोडवर. खोली घुमत असेल तर भिंतीशी दोन गोधड्या टांगा.

सुरुवातीला गाणारीचं नाव, गाव आणि तारीख तिच्याच तोंडून घ्या. पहिली ओवी झाली की थांबून कानाला हेडफोन लावून ऐका. म्हाताऱ्या माणसाला सगळं पुन्हा म्हणायला लावणं बरं नव्हे. नणंदेला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवाल तेव्हा फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे आवाजाचा कस उतरत नाही. आणि एक प्रत पेन ड्राइव्हवर, त्याच दिवशी.