सेकंड-हँड बेस आणि अ‍ॅम्प: परदेशातला 'स्वस्त' सौदा भारतात महाग का पडतो?

नवा बँड उभा राहताना गिटार वाजवणारे सहज मिळतात, बेस वाजवणारा शोधावा लागतो. तो सापडला की प्रश्न येतो पैशांचा. नुसता बेस घेऊन भागत नाही. चार तारांच्या बेसची सर्वांत जाड तार साधारण ४१ हर्ट्झवर वाजते, म्हणजे गिटारच्या जाड तारेपेक्षा बरोबर एक सप्तक खाली. हा खालचा आवाज पेलायला मोठा स्पीकर आणि जास्त वॉट लागतात. गिटारच्या छोट्या अ‍ॅम्पवर बेस जोरात वाजवला तर स्पीकर फाटू शकतो.

म्हणून खर्च दुप्पट होतो आणि शोध सुरू होतो सेकंड-हँडचा. पण या बाजाराचे नियम गेल्या काही वर्षांत बदलले आहेत.

बाजारात काय घडलं?

वापरलेल्या वाद्यांसाठी जगभर ओळखलं जाणारं 'रिव्हर्ब' हे संकेतस्थळ २०१३ मध्ये शिकागोत सुरू झालं. २०१९ मध्ये ते 'एट्सी'ने २७.५ कोटी डॉलरना घेतलं आणि २०२५ मध्ये पुन्हा विकलं. नव्या मालकांपैकी एक आहे 'सर्व्हको', म्हणजे 'फेंडर' कंपनीतला मोठा भागधारक. नवी वाद्यं बनवणाऱ्या कंपनीच्या मालकालाही जुन्या वाद्यांच्या बाजारात पैसा दिसतोय, हा यातला मुद्दा.

त्याच वर्षी २९ ऑगस्टपासून अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलची करसवलत थांबवली. त्यामुळे भारतातून एखादा जुना पेडल अमेरिकेतल्या ग्राहकाला विकणंही पूर्वीइतकं सोपं राहिलं नाही.

परदेशातून जुना बेस मागवता येतो का?

इथेच बहुतेकांची गफलत होते. हिशेब फक्त किंमत, कुरिअर आणि कस्टम ड्युटीचा केला जातो. पण भारताच्या परकीय व्यापार धोरणानुसार भांडवली वस्तू सोडून इतर वापरलेल्या वस्तूंची आयात 'प्रतिबंधित' गटात येते. म्हणजे बंदी नाही, पण सरकारी परवानगी हवी. ती नसेल तर पार्सल कस्टममध्ये अडकू शकतं. प्रवाशाने स्वतःसोबत आणलेल्या सामानाचे नियम वेगळे आहेत.

दुसरा मुद्दा लाकडाचा. आपल्याकडे ज्याला शिसव म्हणतात ते रोझवूडच. २ जानेवारी २०१७ पासून या कुळातल्या सगळ्या लाकडांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 'साइट्स' कराराचे निर्बंध आले आणि वाद्यनिर्माते हैराण झाले. २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना सूट मिळाली. ब्राझिलियन रोझवूडला मात्र ही सूट नाही. १९९२ पासून ते सर्वांत कडक यादीत आहे. १९६० च्या दशकातल्या काही बेसच्या फिंगरबोर्डला हेच लाकूड असतं. असा बेस सीमा ओलांडणार असेल तर आधी कागद लागतात.

अ‍ॅम्पची खरी गोची कुठे?

व्होल्टेजमध्ये. अमेरिकेत घरगुती वीज १२० व्होल्ट, जपानमध्ये १००, आपल्याकडे २३०. अमेरिकेतून कोणी नातेवाइकाने आणलेला अ‍ॅम्प थेट आपल्या प्लगला लावला तर तो तिथेच जळू शकतो. काही नव्या अ‍ॅम्पवर १०० ते २४० व्होल्ट असं लिहिलेलं असतं. ते चालतात. बाकीच्यांना स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि त्याची क्षमता अ‍ॅम्प जेवढी वीज ओढतो त्याहून जास्त हवी. ही किंमत आणि हे ओझं सौद्यात धरायला हवं. त्यामुळे विकणाऱ्याकडे आधी मागायचा तो अ‍ॅम्पच्या मागच्या लेबलचा फोटो.

वजनाचंही तसंच. १९६९ मध्ये आलेल्या 'अँपेग एसव्हीटी'चं नुसतं हेड ३५ किलोंहून जड. आजचे क्लास-डी हेड दोन-तीन किलोंचे असतात. जुना जड अ‍ॅम्प स्वस्तात मिळाला तरी लिफ्ट नसलेला तिसरा मजला आणि प्रत्येक शोला टेम्पो, हा खर्च संपत नाही.

बघायला गेल्यावर काय तपासाल?

- नेक: बाजूने नजर लावून बघा. थोडा बाक ट्रस रॉडने निघतो, पीळ निघत नाही. ट्रस रॉड फिरतो का, हे मालकालाच फिरवून दाखवायला सांगा.
- फ्रेट: प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवा. आवाज मरतो किंवा खणखणतो तिथे काम निघणार. कोकण-मुंबईच्या दमट हवेत तारांसोबत ब्रिजचे स्क्रूही गंजतात.
- बॅटरीची खोबण: अ‍ॅक्टिव्ह बेसमध्ये नऊ व्होल्टची बॅटरी असते. ती गळून आतले पत्रे खराब झालेत का ते पाहा.
- अ‍ॅम्प: निदान अर्धा तास सुरू ठेवा. काही दोष अ‍ॅम्प तापल्यावरच कळतात. प्रत्येक बटण फिरवा. थोडी खरखर साफसफाईने जाते, सतत गुणगुण आली तर आधी दुसरा प्लग लावून बघा.
- ओहम: हेडवर 'किमान ४ ओहम' लिहिलं असेल तर ८ ओहमची दोन कॅबिनेट समांतर चालतात. ४ ओहमची दोन लावली तर भार २ ओहमवर येतो आणि हेड जाऊ शकतं. ट्यूब अ‍ॅम्प तर स्पीकर जोडल्याशिवाय सुरूच करू नका.

पैसे देताना आणि घेताना

फसवणुकीत विकणाराही सापडतो. 'मी शहराबाहेर आहे, पैसे पाठवतोय, हा क्यूआर स्कॅन करा' असा मेसेज येतो. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे तुमच्याच खात्यातून जाणार. १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्ती-व्यक्तींमधली 'कलेक्ट रिक्वेस्ट' बंद झाली, पण क्यूआरचा सापळा अजून आहे. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा. जितका उशीर, तितकी पैसे गोठवण्याची शक्यता कमी.

कर लागतो का?

घरचा, हौसेसाठी घेतलेला बेस एकदा विकला तर तो व्यवसाय नव्हे, त्यावर जीएसटी आकारायचा प्रश्न येत नाही. जुनी वाद्यं विकणारा नोंदणीकृत दुकानदार मात्र, ठरावीक अटींवर, खरेदी आणि विक्री किमतीतल्या फरकावरच जीएसटी भरू शकतो. वाद्य व्यवसायाची मालमत्ता म्हणून दाखवून त्यावर घसारा घेतलेल्या संगीतकाराचा हिशेब वेगळा होतो. त्याने सीएला विचारलेलं बरं.

मग सौदा कुठे करावा?

परवानगी, ड्युटी, ट्रान्सफॉर्मर आणि परत पाठवण्याची अडचण जोडली की परदेशातली कमी किंमत बहुतेकदा कमी राहत नाही. त्यापेक्षा आपल्याच शहरातला, थोडा महाग वाटणारा बेस हातात घेऊन वाजवता येतो आणि अ‍ॅम्प २३० व्होल्टवर चालवून बघता येतो. चार पैसे जास्त जातात ते या खात्रीचे. मालक प्लग लावू द्यायलाच तयार नसेल, तर किंमत कितीही कमी असो, तिथून निघावं.