पात्र-अपात्र

बचत गटाची बैठक संपली तरी बायका लगेच उठत नाहीत. हप्ते जमा झालेले असतात, वहीत सह्या-अंगठे झालेले असतात, पण चहा व्हायचा असतो आणि खरं बोलणं तिथूनच सुरू होतं. अशाच एका बैठकीत मंदा (नाव बदललंय) उठता उठता परत टेकली आणि म्हणाली, “ताई, एक इचारू का? मह्यं काय चुकलं वो?”

मंदाच्या नवऱ्यानं दोन वर्षांपूर्वी आत्महत्या केली. तीन एकर कोरडवाहू, कपाशी आणि कर्ज. शासनाच्या २००६ च्या निर्णयात अशा कुटुंबाला एक लाखाची मदत ठरली. तीस हजार हातात, सत्तर हजार ठेवीत. पण त्यासाठी नावावर जमीन, अधिकृत कर्ज, वसुलीचा तगादा हे सगळं कागदावर दिसावं लागतं. मंदाच्या नवऱ्यानं पैसे उचलले होते ते खासगी सावकाराकडून, साध्या चिठ्ठीवर. सातबारा, पंचनामा, दाखले घेऊन आम्ही दोघींनी किती खेटे घातले ते सांगत बसत नाही. शेवटी प्रकरण निकाली निघालं ते एका शब्दावर: अपात्र.

तो शब्द तिच्या मनात रुतून बसलाय. सोळा सोमवार तिनं केलेले. नवरात्रात दाक्षायणी देवीला अनवाणी जायची. सासूचं दुखणं काढलं. इतकं करून सरकारच्या दारी अपात्र, आणि देवाच्या दारीही अपात्रच का, असा तिचा सवाल.

“मागल्या जन्मीचं असंल काही,” एक म्हातारी हळूच म्हणाली. दुसरी माझ्याकडे बघत हसली, “तुमच्यात बरंय ताई. रविवारी जायाचं, कबूल करायाचं, की झालं मोकळं!” सगळ्या हसल्या, मीही हसले. मंदाला मात्र त्या दिवशी मी काहीच उत्तर दिलं नाही. चहा दिला.

मैत्रिणींनो, मी लासूर स्टेशनला राहते. घर सांभाळून थोडंफार सामाजिक काम करते. मी ख्रिस्ती आहे हे इथे सगळ्यांना माहीत आहे, पण मी नेमकं काय मानते हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. नाताळला केक कुठून आणता, एवढंच विचारतात! मंदाच्या प्रश्नानं मला ते स्वतःशीच नीट मांडावं लागलं.

माझं माहेर जालन्याचं. आमचे पूर्वज तिथे ख्रिस्ती झाले ते नारायण शेषाद्रींच्या काळात. शेषाद्री हे मूळचे ब्राह्मण. मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले आणि १८४३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याच वर्षी त्यांच्या धाकट्या भावाचं, श्रीपतचं प्रकरण कोर्टात गेलं. कोर्टानं मुलाला आई-वडिलांकडे परत दिलं. मग त्याला जातीत घ्यायचं की नाही, यावरून मुंबईत रण माजलं. त्याला परत घ्यावं म्हणून झटले ते आपले ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर. एकाच घरातला एक भाऊ गेला तो गेलाच, दुसरा परत आला. त्यांच्या आईचं काय झालं असेल, हे कुठल्या पुस्तकात मला सापडलं नाही. पुढे नारायण शेषाद्री जालन्याला आले, निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून त्यांनी बेथेल वसवलं. त्यांच्याकडे आलेल्यांत बहुसंख्य मांग समाजाचे होते. आमचंही घर त्यातलंच. हे मी कुणापासून लपवत नाही.

स्कॉटलंडहून जे ख्रिस्ती वळण जालन्यापर्यंत आलं त्याला ‘रिफॉर्म्ड’ म्हणतात. आगरकरांच्या ‘सुधारक’शी त्याचा संबंध लावू नका, ही सुधारणा सोळाव्या शतकातली. १५१७ मध्ये जर्मनीत मार्टिन ल्यूथरनं चर्चच्या कारभाराला आव्हान दिलं, पुढे जिनिव्हात जॉन कॅल्व्हिननं त्या विचाराची मांडणी केली, आणि जॉन नॉक्सनं तो स्कॉटलंडमध्ये रुजवला. १९७० मध्ये प्रेस्बिटेरियन, अँग्लिकन वगैरे अनेक मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तेव्हा जुन्या पाट्या उतरल्या. आमच्या घरात मात्र आजीची प्रश्नोत्तरावली राहिली. संध्याकाळी भाकरी थापता थापता ती आम्हाला एकेक प्रश्न विचारायची. उत्तर चुकलं तर भाकरी उशिरा मिळायची.

पाठांतर म्हणजे श्रद्धा नव्हे, हे मला २००६ साली कळलं. माझी दुसरी मुलगी जन्मली आणि अकरा दिवसांनी गेली. हृदयात दोष होता. ती काचेच्या पेटीत असताना एक बाहेरगावचे प्रचारक भेटायला आले. डोक्यावर हात ठेवून मोठ्यानं प्रार्थना केली, बाळ बरं होणार म्हणून छातीठोक सांगितलं. ती गेल्यावर तेच म्हणाले, “बहिणी, तुझा विश्वास कमी पडला.” शेजारच्या काकू म्हणाल्या, “कुठल्या जन्मीचं भोगतेस गं!” एक आमच्या धर्मातले, एक दुसऱ्या, पण दोघांचा हिशेब एकच. माझ्या खात्यात काहीतरी कमी भरलं होतं.

त्यात नातेवाइकांची कुजबुज वेगळीच. बाळाचा बाप्तिस्मा झाला नव्हता, मग तिचं काय होणार? मी रात्रभर तेच घोकत पडायची. आजी तेव्हा ऐंशीच्या घरात होती. ती माझ्या उशाशी बसून म्हणाली, “तिनं कोणतं पुण्य केलं होतं? कोणतं पाप केलं होतं? साधी प्रार्थना तरी येत होती का तिला? तरी ती त्याची आहे. तिनं त्याला धरलं नव्हतं बाई, त्यानं तिला धरलंय. आणि तुझंही तसंच आहे.”

पुढे वाचनात आलं की १६१८-१९ मध्ये नेदरलँडमधल्या डॉर्ट गावी रिफॉर्म्ड मंडळ्यांची मोठी परिषद भरली होती. तिथल्या विद्वानांनी देवाच्या निवडीवर कलमांमागून कलमं लिहिली, आणि त्यातलं एक कलम खास अशा आई-बापांसाठी आहे ज्यांची लेकरं तान्हेपणीच गेली. त्यांनी लेकराच्या तारणाबद्दल शंका धरू नये, असं त्यात आहे. चारशे वर्षांपूर्वीच्या त्या दाढीवाल्या पंडितांच्या घरातही पाळणे रिकामे झाले असतील, असं मला तेव्हा वाटून गेलं.

तर मी मानते ते हे. देवासमोर पात्र कुणीच नाही. मी नाही, पाळकसाहेब नाहीत, प्रचारक तर नाहीतच. येशू ख्रिस्तानं वधस्तंभावर जे केलं त्यावर विसंबायचं. त्यात माझी भर काही नाही. उपासानं, दानानं, समाजसेवेनं ती जागा विकत मिळत नाही, आणि माझ्या दुःखावरून देवाचा राग मोजता येत नाही. विश्वाससुद्धा माझी कमाई नाही, तोही दिलेला आहे. मग कमी पडायचा प्रश्न येतो कुठे?

पंडिता रमाबाई कुठल्याच पंथाच्या कप्प्यात बसणाऱ्या नव्हत्या, त्यांना मी आमच्यात ओढत नाही. पण त्यांची साक्ष वाचताना मला आधार वाटला. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतर आठेक वर्षांनी त्यांना उमगलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडलाच नव्हता. एवढी संस्कृत जाणणारी बाई, हजारो मैल पायी तीर्थयात्रा केलेली, तिलाही आपल्या करणीवरची भिस्त सोडायला इतकी वर्षं लागली.

आता तुम्ही म्हणाल, देव सगळं ठरवतो, कृपाही तोच देतो, मग हे आपल्या सटवाईसारखंच झालं की! पाचवीला ललाटलेख लिहून गेली, विषय संपला. हा प्रश्न मला माझ्या शेजारणीनंच घातला होता आणि तो चुकीचा नाही. मला दिसतो तो फरक असा, की सटवाई लिहून निघून जाते. माझा देव स्वतः त्या लिखाणात उतरला, गरिबाघरी जन्मला, खुनाच्या गुन्हेगारासारखा मेला. पण तेवढ्यानं सगळं उलगडतं असं मी म्हणणार नाही. माझी मुलगी का गेली, हे मला आजही माहीत नाही. ‘देवाची इच्छा’ हे शब्द मी स्वतःपुरते वापरते. दुसऱ्याच्या दारात मयत असताना ते उच्चारणं मला क्रूर वाटतं.

आमच्या परंपरेत सगळंच गोड आहे असंही नाही. १५५३ मध्ये जिनिव्हात सर्व्हेटस नावाच्या माणसाला त्याच्या मतांसाठी जिवंत जाळलं, आणि कॅल्व्हिनचा त्या खटल्याला पाठिंबा होता. दक्षिण आफ्रिकेत आमच्याच विचाराच्या गोऱ्या चर्चनं वर्णभेदाला शास्त्राचा आधार दिला. १९८२ मध्ये जगातल्या रिफॉर्म्ड मंडळ्यांनी ते पाखंड ठरवलं, पण किती उशिरा! कित्येक रिफॉर्म्ड चर्चमध्ये आजही बाईला व्यासपीठावरून उपदेश करता येत नाही. कृपा जर पात्रता बघत नाही, तर ती बाई-पुरुष कुठून बघायला लागली? यावर माझं माझ्याच माणसांशी भांडण आहे. आणि लग्न जमवताना आमच्यातही जात डोकावते, हे तर सांगायलाच नको.

राहिला तो नेहमीचा प्रश्न: “ताई, तुम्ही बायकांचा धर्म बदलायला हे काम करता का?” खरं सांगते, माझी श्रद्धाच मला ते करू देत नाही. माणसाचं मन पालटणं देवाच्या हातात आहे असं जी मानते, ती शिलाई मशीन देऊन कुणाचं मन कसं पालटवणार? विचारलं तर मी सांगते, लपवत नाही. न विचारता सांगत नाही. १५६३ ची हायडेलबर्गची प्रश्नोत्तरावली आहे, तिच्यात सत्कृत्यं तारणाचा आधार ठरत नाहीत. ती का करायची, हे शेवटी, कृतज्ञतेच्या भागात येतं. माझं काम त्या भागातलं आहे. त्यामुळे एखादं प्रकरण फसलं तर मी दुसऱ्या दिवशी पुन्हा पिशवी उचलू शकते. पुण्य साठवायला निघाले असते तर केव्हाच थकले असते.

पुढच्या मंगळवारी चहानंतर मी मंदाला थांबवलं. उपदेश केला नाही, अकरा दिवसांच्या माझ्या लेकीची गोष्ट सांगितली. प्रचारक काय म्हणाले, काकू काय म्हणाल्या, आजी काय म्हणाली, सगळं. “तुझं काही चुकलं नाही मंदा. हा हिशेबच नाही,” एवढंच म्हटलं.

ती बराच वेळ कप हातात घेऊन बसली. मग म्हणाली, “तुमचा देव रडला का मंग?”

मी म्हटलं, “एकदा मित्राच्या कबरीपाशी रडला होता.”

ती पुढे काही बोलली नाही. कप विसळून पालथा घातला, पदर खोचला. दारातून वळून म्हणाली, “संजय गांधी निराधारच्या फॉर्मला उत्पन्नाचा दाखला जुना चालंल का नवा काढावा लागंल? उद्या गंगापूरला जायाचंय ना, सकाळच्या एसटीनं.”