मीटर घ्यावा, पण काम पाहून



उन्हाळा तोंडावर आला की आपल्या वस्त्यांमधून एक तक्रार घरोघरी ऐकू येते. छताचा पंखा फिरतो पण वारा लागत नाही, किंवा काठीने ढकलल्याशिवाय तो हलतच नाही. दुकानात नेला की बहुतेक वेळा उत्तर मिळते, "वाइंडिंग गेले." वाइंडिंग म्हणजे काहीशे रुपये, आणि रोजंदारीवर जाणाऱ्या घराला ते जड जातात. पुष्कळदा खरा दोष असतो तो पंख्याच्या वरच्या वाटीत बसवलेल्या छोट्या कंडेन्सरचा, आणि नवा कंडेन्सर शंभराच्या आत मिळतो. सगळे दुकानदार लबाड असतात असे मुळीच नाही. परंतु दोष कुठे आहे हे ज्याला कळत नाही, त्याला समोरचा सांगेल ते मान्य करावे लागते, हे मात्र खरे.

हा दोष ओळखण्याचे साधन म्हणजे मीटर. सातपूरच्या आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन, वायरमन किंवा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा कोर्स करून मुलगा बाहेर पडला की तो घरी पहिली मागणी मीटरची करतो. आईबाप पोटाला चिमटा घेऊन पैसे देतात. मग तो एम. जी. रोडला जातो आणि जो मीटर स्वस्त दिसेल तो उचलतो, किंवा सर्वांत महागाचा घेऊन येतो. दोन्हींत नुकसान आहे. मी हिशेबाचा माणूस आहे, म्हणून सांगतो, आधी काम पाहावे, मग किंमत पाहावी.

ज्याला पंखे, कूलर, मिक्सर, पाण्याचे पंप दुरुस्त करायचे आहेत, त्याला कंडेन्सर मोजण्याची सोय असलेला साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. पंख्याच्या कंडेन्सरवर २.५ किंवा ३.१५ मायक्रोफॅरड असे छापलेले असते, आणि पुढे ५ टक्के कमी-जास्त चालेल असेही असते. २.५ च्या जागी मीटरने १.६ दाखवले, तर पंखा हळू का फिरतो याचे उत्तर मिळाले. दोन-तीनशे रुपयांत मिळणाऱ्या पिवळ्या मीटरांपैकी पुष्कळांत ही सोयच नसते, हे घेण्याआधी पाहावे. जुन्या काट्याच्या मीटरवरही अंदाज येतो. ओहमच्या रेंजवर मोठा कंडेन्सर लावला की काटा उडी मारून परत येतो. काटा पलीकडेच थांबला तर कंडेन्सर शॉर्ट आहे, हललाच नाही तर तुटलेला आहे. मात्र क्षमता किती उरली हे काटा सांगत नाही.

टीव्ही, चार्जर, सेट टॉप बॉक्स, एलईडी बल्ब यांचे काम निराळे. तिथले इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर उष्णतेने आतून सुकतात. गंमत अशी, की मल्टिमीटरवर क्षमता जवळपास बरोबर दिसते आणि तरी टीव्ही सुरू होत नाही. कारण कंडेन्सरचा आतला रोध वाढलेला असतो. चांगल्या मोठ्या कंडेन्सरमध्ये तो ओहमच्या अपूर्णांकात असतो, बिघडलेल्यात काही ओहम होतो. तो मोजायला ईएसआर मीटर लागतो. जो रोज पाच-दहा सर्किट बोर्ड हाताळतो त्यानेच तो घ्यावा. सुरुवात करणाऱ्याला छोटा कंपोनंट टेस्टर बरा. जर्मनीतील मार्कुस फ्रेयेक यांनी केलेल्या आणि कार्ल-हाइन्झ क्युबेलर यांनी वाढवलेल्या रचनेवर हे टेस्टर निघाले. ट्रान्झिस्टर, डायोड किंवा कंडेन्सर त्यात अडकवला की तो भाग कोणता, त्याचा कोणता पाय कशाचा, हे पडद्यावर येते. एलसीआर मीटर मात्र प्रयोगशाळा आणि कारखान्याच्या तपासणी विभागाचे साधन आहे, त्यासाठी घरच्या मुलाने कर्ज काढू नये.

कोणताही मीटर घेतला तरी एक मर्यादा ध्यानात असावी. तो कंडेन्सरला अगदी थोडा दाब देऊन तपासतो. चारशे व्होल्टला गळणारा कंडेन्सर त्याच्यापुढे पास होऊ शकतो. तेव्हा शेवटची खात्री म्हणजे चांगला कंडेन्सर लावून पाहणे. तसेच बोर्डावर बसलेला भाग मोजू नये, निदान त्याचा एक पाय तरी सोडवून घ्यावा, नाहीतर शेजारचे भाग मोजमापात मिसळतात. मोटारीच्या वाइंडिंगचे इन्शुलेशनही मल्टिमीटरने कळत नाही, त्याला मेगर लागतो.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, जिवाची. आपल्या घरातली वीज २३० व्होल्टची, पण ती डायोडमधून कंडेन्सरमध्ये साठते तेव्हा सुमारे ३२५ व्होल्ट होते. प्लग काढल्यानंतरही ती आत राहू शकते. म्हणून आधी फिलामेंटचा साधा बल्ब होल्डरला लावून त्याच्या दोन वायरी कंडेन्सरला टेकवाव्यात, व्होल्टच्या रेंजवर शून्य आल्याची खात्री करावी, मगच हात लावावा. एलईडीचा बल्ब यासाठी चालत नाही. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडण्याची फुशारकी कोणी मारू नये. भरलेला कंडेन्सर टेस्टरला लावला तर टेस्टरही जळतो.

मीटरवर 'कॅट' आणि पुढे आकडा छापलेला असतो. प्लगवर चालणाऱ्या वस्तूंसाठी कॅट दोन, घराच्या वायरिंग-बोर्डासाठी व कारखान्याच्या पॅनेलसाठी कॅट तीन, आणि बाहेरून येणाऱ्या सर्व्हिस लाइनसाठी कॅट चार हवा. स्वस्त मीटरवर छापलेल्या आकड्यावर विसंबू नये. १० अँपिअरच्या भोकाशेजारी 'अनफ्यूज्ड' असे लिहिले असेल, तर तो मीटर पॅनेलवर नेऊ नये. आत एचआरसी फ्यूज आहे का, वायरींचे आवरण जाड आहे का, हे विचारून घ्यावे. कारखान्यात नोकरीला असाल तर तुमच्या पॅनेलला योग्य मीटर देणे ही व्यवस्थापनाची जबाबदारी आहे. घरचा पिवळा मीटर नेऊन तिथे जीव धोक्यात घालू नका, योग्य मीटर मागा.

या बाबतीत आपले नाशिक भाग्यवान आहे. मूळच्या १९०९ सालच्या मोटवाने कंपनीचा कारखाना नाशिकरोडला आहे, आणि तिच्या काट्याच्या मल्टिमीटरवर देशभरातील कितीतरी कारागीर शिकले. १९८२ साली सुरू झालेली ऋषभ इन्स्ट्रुमेंट्स ही सातपूरची कंपनी मीटर बनवते, तिने २०११ मध्ये पोलंडमधील लुमेल ही कंपनी विकत घेतली. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून बोर्डावर पार्ट बसवणाऱ्या भगिनी तर आपल्याच घरांतल्या आहेत. रेझिस्टरचे रंग पाहून त्या आकडा सांगतात. तरी घरचा मिक्सर बिघडला की तो पुरुषाच्या हाती द्यायचा, असे का? मीटर मुलीच्या हातातही द्यावा.

शेवटी एक सूचना. प्रत्येक घराने वेगळा मीटर घेण्याची गरज नाही. गल्लीतील दहा घरांनी थोडी थोडी वर्गणी काढून एक चांगला मल्टिमीटर आणि एक टेस्टर मंडळाच्या कपाटात ठेवावा. कोणी नेला, कधी परत केला, कोणती वस्तू तपासली आणि किती रुपये वाचले, याची एक वही असावी. वर्षअखेरीस ती वही सर्वांसमोर वाचावी. वर्गणीचे पैसे कधी फिटले, हे त्या वहीतच दिसेल. आणि ती वही लिहिता लिहिता चार मुले-मुली कामाला लागली, तर तो हिशेब आणखी मोठा असेल.