बहिष्कार मालदीववर, हट्ट मालदीवचाच

जानेवारी 2024. पंतप्रधानांचे लक्षद्वीपमधले फोटो झळकले, त्यावर मालदीवच्या तीन उपमंत्र्यांनी आचरट शेरेबाजी केली आणि ते निलंबित झाले. इकडे आपल्या पर्यटकांच्या अंगात राष्ट्राभिमान संचारला. मालदीववर बहिष्कार! चला लक्षद्वीपला! आणि पाठोपाठ पहिली मागणी काय? तिथेही पाण्यावरचे व्हिला हवेत. मग भांडण मालदीवशी होतं, की तिथल्या भाड्याशी?

आता तक्रारी ऐका. परमिट कशाला? अगत्ती बेटावर मोठं विमान का उतरत नाही? कोचीहून जहाजात रात्र का काढायची? हीच मंडळी तिथल्या किनाऱ्याला ‘अस्पर्श’ म्हणून ओवाळतात. अहो, याच अडचणींमुळे तो अस्पर्श राहिला! मंदिरात गर्दी नको म्हणायचं आणि स्वतः मात्र गाभाऱ्यात मोटार घालायची, असला हा भक्तिभाव.

सगळ्या लक्षद्वीपची जमीन जेमतेम 32 चौरस किलोमीटर. वस्ती असलेली बेटं दहा. 2011 च्या जनगणनेत माणसं 64,473. म्हणजे बेटं रिकामी नाहीत, खचाखच भरलेली आहेत. जाहिरातीत मात्र माडच दिसतात, माणसं गायब.

आणि पाणी? तिथे नदी नाही, धरण नाही. पाऊस प्रवाळाच्या वाळूत मुरतो आणि खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा पातळ थर तरंगतो. उपसा वाढला की खालून खारं पाणी वर चढतं, विहीर नासते. शोषखड्ड्याची घाणही त्याच थरात झिरपते. कवरत्ती बेटावर 2005 साली समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प सुरू झाला, क्षमता दिवसाला एक लाख लिटर. गावात माणसं अकरा हजारांवर. माणशी नऊ लिटर! व्हिलातला एक बाथटब भरला की पंधरा-सोळा जणांचा वाटा संपला. हा कसला विकास?

ज्या मालदीवचा कित्ता गिरवायचा, तिथे कचरा टाकायला तिलाफुशी नावाचं आख्खं बेट लागतं. लक्षद्वीपमध्ये कुठलं बेट देता, सांगा. बंगारामजवळचं परळी-1 तर धूप होऊन समुद्रात गेलंच आहे. लाटा अडवणारं प्रवाळ 1998, 2010 आणि 2016 मध्ये तापलेल्या पाण्याने पांढरं पडलं. गळाने टूना धरणाऱ्या कोळ्यांना लागणारी आमिषाची बारीक मासळीही त्याच प्रवाळाच्या आसऱ्याने वाढते. प्रवाळ मेलं की किनारा गेला, चूलही विझली.

‘रोजगार मिळेल ना!’ हे हुकमी पालुपद. कुणाला? आणि बेटवासीयांना विचारलं का? 2021 मध्ये जमिनी घेण्याचे अफाट अधिकार देणारा विकास प्राधिकरणाचा मसुदा आला, तेव्हा ते एकजुटीने उभे राहिले. त्यांच्या बाजूने केरळ विधानसभेने एकमताने ठराव केला. उत्तर मिळालेलं आहे. ऐकायचं नसेल तर बहिरेपणाला देशभक्ती म्हणू नका.

लक्षद्वीपला जरूर जा. पण पाहुणे म्हणून जा. किती जणांनी यायचं, कुठे राहायचं, किती पाणी वापरायचं, हे यजमान ठरवतील. ते मान्य नसेल तर घरीच बसा. तेवढी देशसेवा पुष्कळ झाली.